छातीची भिंत: पाठ केलेलं रुग्णासमोर कुठे कामी येतं

प्रश्न एका इंटर्नचा आहे: बरगड्या, त्यांच्यामधले स्नायू, नर्व्ह (मज्जातंतू) हे सगळं पहिल्या वर्षी पाठ केलं, पण वॉर्डात "छातीत दुखतंय" म्हणणारा रुग्ण समोर आला की त्यातलं नेमकं काय वापरायचं? आणि साचलेलं पाणी किंवा हवा काढायला छातीत सुई किंवा नळी घालायची जागा कशावरून ठरते?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. छातीच्या भिंतीतली नर्व्ह कुठून निघते आणि कुठे जाते, हे पक्कं डोक्यात असेल तर दुखण्याचा उगमही कळतो आणि सुई कुठे घालायची नाही तेही कळतं. बाकीचं विसरलात तरी पुस्तक उघडून बघता येईल.

पण त्याआधी बरगड्या मोजता यायला हव्यात. बऱ्याच जणांना त्या येत नाहीत असा माझा अनुभव आहे. क्लॅव्हिकलखाली (गळ्याजवळच्या आडव्या हाडाखाली) बोट ठेवून "ही पहिली" म्हणत मोजणं चुकतं, कारण पहिली बरगडी क्लॅव्हिकलच्या मागे लपलेली असते, ती समोरून हाताला लागत नाही. खालून मोजणंही बेभरवशाचं. बारावी बरगडी काहींची इतकी आखूड असते की अकरावीलाच बारावी समजलं जातं. म्हणून स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) वरच्या खाचेत बोट ठेवा आणि सरळ खाली सरकवा. साधारण पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. तो स्टर्नल अँगल. त्याच्या शेजारी जी बरगडी येऊन मिळते ती दुसरी, आणि तिच्याखालची मोकळी जागा ती दुसरी इंटरकॉस्टल (दोन बरगड्यांमधली) स्पेस. तिथून तिरकं, खाली आणि बाहेर मोजत जायचं. स्टर्नमच्या कडेने सरळ खाली गेलात तर खालच्या कूर्चा (बरगड्यांच्या पुढच्या टोकांची लवचीक हाडं) एकमेकींना इतक्या चिकटलेल्या असतात की मोजणी बिघडते. स्तनाग्र चौथ्या स्पेसमध्ये असतं हे पुरुषांत बहुतेक वेळा खरं. स्त्रियांत आणि स्थूल माणसांत त्यावर विसंबू नका.

आता नर्व्ह. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक खोबण असते. तिच्यात वरून खाली या क्रमाने व्हेन, आर्टरी आणि नर्व्ह असा जुडगा जातो, आतल्या दोन स्नायूंच्या थरांच्या मधून. सगळ्यात खाली नर्व्ह, म्हणजे बरगडीचा आडोसा तिला सगळ्यात कमी. ही नर्व्ह पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीबरोबर पुढे येते आणि वाटेत स्नायू, त्वचा आणि प्ल्युराचा (फुप्फुसाभोवतीच्या दोन पदरी आवरणाचा) बाहेरचा पदर या तिन्हींना शाखा देते. फुप्फुसाला लगटलेल्या आतल्या पदराला मात्र वेदना समजत नाहीत, आणि खुद्द फुप्फुसाच्या मांसालाही नाही. म्हणूनच मुठीएवढी गाठ फुप्फुसाच्या मधोमध असूनही माणसाला काही दुखत नाही, आणि आवळ्याएवढी गाठ बाहेरच्या पदराला टेकली की रात्रभर झोप नसते.

यावरून पहिली परीक्षा निघते, ती बिनखर्चाची आहे. रुग्णाला म्हणा, "कुठे दुखतं ते दाखवा," आणि हाताकडे बघा. एका बोटाने नेमकी जागा दाखवली, श्वास घेताना किंवा खोकताना कळ वाढते म्हणाला, तर दुखणं भिंतीत किंवा बाहेरच्या पदरात असण्याची शक्यता जास्त. संपूर्ण तळवा किंवा मूठ छातीवर ठेवून "इथे कुठेतरी, दडपल्यासारखं" म्हणाला, तर ते आतून येतंय. हृदयाकडून निघालेल्या वेदनेच्या तारा छातीच्या वरच्या चार-पाच नर्व्हच्या पातळीवर मज्जारज्जूत शिरतात. तिथेच त्वचेकडून आलेल्या ताराही पोहोचतात, आणि मेंदूला दोन्हींतला फरक करता येत नाही. दुसऱ्या इंटरकॉस्टल नर्व्हची एक शाखा काखेतून दंडाच्या आतल्या बाजूच्या त्वचेला जाते. हृदयाचं दुखणं डाव्या दंडात उतरतं त्यामागे ही वाट आहे.

ही परीक्षा उपयोगी आहे, पण निकाल देणारी नाही. दाबल्यावर दुखतं म्हणजे हृदय ठीक आहे, असा अर्थ काढू नका. हृदयविकाराचा झटका आलेल्या काही रुग्णांची छातीही दाबल्यावर दुखते. घाम, मळमळ, धाप, दंडात किंवा जबड्यात जाणारी कळ, चालल्यावर वाढणारं दडपण, वय, मधुमेह, धूम्रपान यांतलं काहीही असेल तर ईसीजी आधी आणि बोटाने दाबणं नंतर. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणूनही सुटका नाही. दुखणं चालू असेल तर तो पुन्हा काढायचा आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रोटीन) पाहायचं. एकाएकी, पाठीत फाटल्यासारखी कळ आली असेल आणि दोन्ही हातांच्या रक्तदाबात ठळक फरक असेल तर महाधमनी चिरली गेली असेल का, हा विचार ट्रोपोनिनच्याही आधी.

खालच्या नर्व्हची गोष्ट अधिक फसवी आहे. सातवी ते अकरावी इंटरकॉस्टल नर्व्ह बरगड्यांच्या टोकाशी थांबत नाहीत, त्या पुढे पोटाच्या भिंतीत उतरतात. दहाव्या नर्व्हचा पट्टा बेंबीवर येतो. त्यामुळे फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया होऊन प्ल्युरा सुजला की माणूस पोट धरून येतो. लहान मुलांत तर हे फारच दिसतं: ताप, पोटात दुखणं, पोट थोडं कडक, आणि सगळे अपेंडिक्सच्या मागे. मुलाचा श्वास मोजा, नाकपुड्या फुलताहेत का ते बघा. मुलाच्या पोटदुखीत छातीला स्टेथोस्कोप लागलाच पाहिजे, याबाबत मी वॉर्डात हट्टी आहे.

श्वासपटलात, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यात, तर नर्व्हचं दोन भागांत वाटप आहे. त्याच्या कडेला खालच्या इंटरकॉस्टल नर्व्ह, मध्यभागाला मानेतून येणारी फ्रेनिक नर्व्ह, म्हणजे मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून. कडेला दाह झाला तर दुखणं पोटाच्या वरच्या भागात, मध्याला झाला तर खांद्याच्या टोकाशी. प्लीहा फुटून रक्त श्वासपटलाखाली साचलेला माणूस डावा खांदा दुखतो म्हणतो आणि खांदा हलवून पाहिला तर तो व्यवस्थित हलतो. सांध्याला हात लावून दुखत नसलेला "खांदा" हा मान, छाती किंवा पोट यांपैकी कुणाचा तरी निरोप असतो.

नागिणीबद्दल तीन वाक्यं पुरतात. पुरळ उठायच्या दोन-तीन दिवस आधीपासून एका बाजूला, एका पट्ट्यात आग आणि टोचणी सुरू होते, आणि तोवर हृदय, पित्ताशय, मूत्रपिंड अशा सगळ्यांच्या तपासण्या होऊन जातात. कपड्याचा स्पर्शही सहन होत नसेल आणि दुखणं मधली रेषा ओलांडत नसेल तर त्वचा रोज पाहा. विषाणूविरोधी औषध पुरळ आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा फायदा जास्त.

आता खास भिंतीची दुखणी. बाह्यरुग्ण विभागात सगळ्यात जास्त दिसतं ते कूर्चेचं दुखणं, कॉस्टोकाँड्रायटिस. दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या कूर्चा जिथे हाडाला किंवा स्टर्नमला जुळतात तिथे दाबल्यावर "हेच ते दुखणं" असं रुग्ण सांगतो. नुसतं "दुखतं" पुरेसं नाही; ज्यासाठी तो आला तेच दुखणं पुन्हा उमटलं पाहिजे. सूज नसते. सूज असेल, आणि ती बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या कूर्चेवर एकाच ठिकाणी असेल, तर तो टिट्झेचा आजार. जर्मन सर्जन अलेक्झांडर टिट्झे यांनी 1921 मध्ये त्याचं वर्णन केलं. दोन्हींचा उपाय सारखाच: समजावणं, शेक, काही दिवस साधं वेदनाशामक, आणि जी हालचाल दुखावते ती थोडे दिवस टाळणं. काही आठवडे, कधी काही महिने लागतात. वय जास्त असेल आणि गाठ कडक व वाढती असेल तर तिला टिट्झे म्हणून सोडू नका, स्कॅन करा.

तरुण मुलांना बसल्या बसल्या छातीच्या डाव्या बाजूला सुईसारखी चमक येते, श्वास अर्ध्यावर थांबवावा लागतो आणि मिनिटाभरात सगळं जातं. हे निरुपद्रवी आहे. पण "काही नाही, जा घरी" या चार शब्दांनी भीती जात नाही. चमक कुठे आली, किती वेळ टिकली हे त्यांच्याकडून नीट ऐकून घेऊन मग सांगा. आठवी, नववी, दहावी बरगडी स्टर्नमला थेट न जुळता वरच्या कूर्चेला टेकलेली असते. तिचं टोक सैल पडलं की ते घसरतं आणि वरच्या नर्व्हला टोचतं. वाकताना बरगडीच्या कडेशी "कट्" असा आवाज आणि कळ अशी तक्रार असेल तर बरगडीच्या खालच्या कडेखाली बोटं घालून हलकेच पुढे ओढा, दुखणं तिथेच उमटेल. ही माणसं अनेकदा सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी होऊन आलेली असतात. आणि हो, वजन कमी केल्यावर पोटाच्या खळगीत "गाठ" सापडली म्हणून घाबरून येणारे लोक: ते बहुधा स्टर्नमचं खालचं टोक असतं. ते जन्मापासून तिथेच होतं.

पाठीत उसण भरली म्हणून येणारे खूप असतात आणि बहुतेकांची खरोखर उसणच असते. फक्त तापाबरोबरची उसण, वजन घटण्याबरोबरची उसण आणि रात्री झोपेतून उठवणारी उसण यांना तो शब्द लावू नका.

बरगडी मोडण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे जुन्या सवयी अजून जात नाहीत. समोरून आणि मागून दाब आला तर बरगडी तिच्या मागच्या वळणाच्या किंचित पुढे मोडते, तो तिचा सगळ्यात कच्चा भाग. मधल्या, म्हणजे चौथी ते नववी, या जास्त मोडतात. वरच्या तीन क्लॅव्हिकल, खांद्याचं हाड आणि स्नायू यांच्या आडोशाला असतात. त्या मोडल्या असतील तर मार फार जोराचा होता असं समजून मोठ्या रक्तवाहिन्या, मान आणि डोकं तपासा. नववीपासून खाली डाव्या बाजूला प्लीहा, उजव्या बाजूला यकृत, मागे मूत्रपिंड. या बरगड्या नावाला छातीच्या आहेत, राखण त्या पोटाची करतात. श्वास पूर्ण सोडल्यावर श्वासपटल उजवीकडे चौथ्या स्पेसपर्यंत वर येतं. म्हणून स्तनाग्राच्या रेषेखाली चाकू लागला असेल तर जखम छातीची आहे की पोटाची, हे बाहेरून ठरवता येत नाही. दोन्ही तपासावं लागतं.

साध्या एक्स-रेवर बरेच फ्रॅक्चर दिसत नाहीत. त्याने बिघडतही नाही, कारण एक्स-रे काढायचा तो मुळात हवा, रक्त किंवा दबलेलं फुप्फुस शोधायला. दोन्ही तळव्यांनी छाती पुढून-मागून हलकेच दाबा. हात ठेवलेल्या जागी नव्हे तर दूर कडेला नेमकी कळ आली तर तिथे हाड मोडलं आहे असं धरून चला.

आणि छातीला पट्टा आवळू नका. आवळल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण खालचं फुप्फुस उघडत नाही, कफ साचतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी न्यूमोनिया होतो. मोडलेली बरगडी सहसा माणसाला मारत नाही, न घेतलेला श्वास मारतो. वेदनाशामक भरपूर आणि वेळेवर द्या, दुखल्यावर नव्हे. उशी छातीशी धरून खोकायला शिकवा, बसवा, चालवा. वयस्कर माणसाच्या दोन-तीन बरगड्या मोडल्या असतील तर "घरी जा, गोळ्या घ्या" म्हणण्याआधी त्याला एकदा जोरात खोकायला लावा. खोकता येत नसेल तर तो घरी जाण्यासारखा नाही. अशा वेळी नर्व्ह ब्लॉक (नर्व्हजवळ भुलीचं औषध टोचून ती बधिर करणं) फार कामाचा असतो, दोन गोष्टी लक्षात ठेवून. शेजारशेजारच्या नर्व्हचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात, म्हणून एका बरगडीसाठी वरची आणि खालची नर्व्हही बधिर करावी लागते. आणि या जागेतून भुलीचं औषध रक्तात फार झपाट्याने शोषलं जातं, म्हणून एकूण मात्रा आधी मोजून मग सिरिंज भरा. हाड जुळायला साधारण सहा आठवडे. दुखणं त्यानंतरही रेंगाळू शकतं, हे आधीच सांगितलं तर रुग्ण वारंवार एक्स-रे मागत नाही.

लागोपाठच्या तीन किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या तर मधला तुकडा सुटा होतो आणि श्वास घेताना बाकीची छाती फुगत असताना तो आत जातो. दिसायला भयंकर, पण खरा घात त्याच्या खालच्या खरचटलेल्या फुप्फुसाचा असतो, आणि तो पुढच्या एक-दोन दिवसांत वाढतो. मुलांत उलटं: बरगड्या लवचीक, म्हणून हाड न मोडताही आत फुप्फुस जबर दुखावलेलं असू शकतं. आणि तान्ह्या बाळाची बरगडी मोडलेली दिसली, ठोस कारण नसताना, तर मारहाणीची शंका घेणं हे डॉक्टरचं काम आहे, कितीही अवघड वाटलं तरी.

आता सुई. जुडगा बरगडीच्या खालच्या कडेला आहे, म्हणून सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेलगत. एवढं सगळे सांगतात. कमी सांगितलं जातं ते हे की पाठीच्या कण्याजवळ आर्टरी अजून खोबणीत शिरलेलीच नसते; ती स्पेसच्या मधोमध उघडी असते, आणि म्हाताऱ्या माणसांत नागमोडीही. म्हणून पाणी काढताना कण्याजवळ जाऊ नका, बरगडीच्या वळणाच्या बाहेर राहा. सोनोग्राफी हाताशी असेल तर ती न वापरता सुई घालणं मला पटत नाही.

नळी घालायची जागा काखेत: पुढे पेक्टोरॅलिस मेजर या छातीच्या स्नायूची बाहेरची कड, मागे लॅटिसिमस डॉर्साय या पाठीच्या स्नायूची पुढची कड, खाली पाचव्या स्पेसची रेषा. या त्रिकोणात स्नायूचा थर पातळ असतो, स्तनाची ग्रंथी वाटेत येत नाही आणि श्वासपटल खाली राहतं. याच्या खाली गेलात तर नळी यकृतात किंवा प्लीहेत जाऊ शकते. काखेच्या मध्यरेषेच्या थोडं पुढे राहा, कारण मागे सेरेटस स्नायूवरून लाँग थोरॅसिक नर्व्ह उतरते. ती दुखावली तर पाठीमागचं खांद्याचं हाड पंखासारखं बाहेर येतं.

प्ल्युरात पाणी झालेल्या रुग्णाचा एक धडा नर्व्हच्याच गोष्टीतून येतो. सुरुवातीला दोन सुजलेले पदर घासतात, म्हणून श्वासागणिक कळ. मग पाणी भरतं, पदर दूर होतात, कळ जाते, आणि रुग्ण "आता बरं आहे" म्हणतो. त्याच वेळी धाप वाढत असते. कळ गेली आणि दम लागायला लागला, तर छाती ठोकून बघा: दगडावर ठोकल्यासारखा बद्द आवाज. उभ्या एक्स-रेवर पाणी दिसायला साधारण 200 मिलिलिटर तरी साचावं लागतं. सोनोग्राफीला त्याहून फार कमी पुरतं. काढलेलं पाणी कोणत्या प्रकारचं हे 1972 पासूनच्या, रिचर्ड लाइट या डॉक्टरांच्या निकषांवर ठरतं: पाण्यातलं प्रोटीन रक्तातल्याच्या निम्म्याहून जास्त, किंवा एलडीएच हे एन्झाइम रक्तातल्याच्या 0.6 पटीहून जास्त, किंवा ते प्रयोगशाळेच्या कमाल मर्यादेच्या दोन-तृतीयांशाहून जास्त. यांतलं एक जरी असलं तरी क्षय, न्यूमोनिया, कर्करोग यांच्या दिशेने शोध. हृदय थकलेल्या आणि लघवीची औषधं चालू असलेल्या रुग्णात हे निकष फसवतात. एका बैठकीत दीड लिटरपेक्षा जास्त काढू नका, आणि छाती आवळल्यासारखी वाटून खोकला सुरू झाला तर त्याआधीच थांबा. दबलेलं फुप्फुस एकदम उघडलं तर त्यातच पाणी होतं.

प्ल्युराच्या पदरांमध्ये हवा साचण्याचं, न्यूमोथोरॅक्सचं, चित्र वेगळं. उंच, सडपातळ तरुण, बहुधा सिगारेट ओढणारा, अचानक एका बाजूला कळ आणि थोडी धाप. पूर्वी हवेचा पट्टा दोन सेंटिमीटरहून रुंद असेल तर काढायची असा हिशेब होता. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या 2023 च्या सूचनांमध्ये आकारापेक्षा लक्षणांना वजन दिलं आहे, आणि त्रास नसलेल्या तरुणाला नळीशिवाय लक्ष ठेवून सोडता येतं. मला हा बदल योग्य वाटतो. हवा पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत विमानप्रवास नाही.

ताणाचा न्यूमोथोरॅक्स, म्हणजे हवा साचत जाऊन छातीतला दाब वाढणं, मात्र एक्स-रेची वाट पाहत नाही. धाप, एका बाजूला आवाज नाही, रक्तदाब कोसळतोय: तेवढ्यावर सुई घाला. श्वासनलिका सरकणं हे उशिराचं लक्षण आहे, ते दिसेपर्यंत थांबू नका. प्रौढांसाठी जागा आता दुसऱ्या स्पेसऐवजी चौथी किंवा पाचवी स्पेस, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे; 2018 च्या एटीएलएसने (जखमींच्या तातडीच्या उपचारांच्या अभ्यासक्रमाने) ती बदलली, कारण पुढची भिंत अनेकांत इतकी जाड असते की नेहमीची सुई प्ल्युरापर्यंत पोहोचतच नाही. मुलांत दुसरी स्पेसच. नंतर नळी घातल्यावर तिला जोडलेली बाटली छातीच्या पातळीखाली ठेवा, नळीतलं पाणी श्वासाबरोबर हलतंय ना ते बघा, आणि बुडबुडे येत असलेली नळी रुग्ण हलवताना कुणी चिमटा लावून बंद करणार नाही याची काळजी घ्या.

शेवटी छातीचं वरचं टोक. प्ल्युरा क्लॅव्हिकलच्या आतल्या तिसऱ्या भागाच्या वर साधारण अडीच सेंटिमीटर मानेत जातो. मानेत सुई घालताना फुप्फुसाला भोक पडतं ते इथे. याच टोकाशी गाठ झाली तर ती खोकला न देता आधी हाताकडे जाणाऱ्या खालच्या ब्रेकियल नर्व्ह पकडते. रुग्ण खांद्याच्या आणि दंडाच्या दुखण्याचे व्यायाम महिनोन् महिने करत राहतो. त्याच बाजूची पापणी थोडी उतरलीय का, बाहुली लहान आहे का, हाताच्या पंजातले बारीक स्नायू सुकलेत का, हे पाहायला मिनिट लागत नाही. मानेतली जादा बरगडी असेल तरी पंजा असाच सुकू शकतो, पण तिच्यात पापणी उतरणं अपेक्षित नाही. एक्स-रेवर हा भाग क्लॅव्हिकल आणि पहिल्या बरगडीच्या सावलीत लपतो. दोन्ही टोकं शेजारी ठेवून तुलना करा, आणि एक बाजू जरा जास्त पांढरी वाटली तर सीटी सांगा.